कोंडलेल्या हवेचा इतिहास

मराठीत 'फेस' या शब्दाला फारसा मान नाही. माणूस कामानं पिचला की त्याच्या तोंडाला फेस येतो. साबणाचा फेस हातावर जिरतो, समुद्राचा फेस वाळूत मुरतो. बुडबुड्याची तर सगळ्यांनीच उपेक्षा केली. आयुष्य क्षणभंगुर आहे हे सांगायचं असलं की आपण पाण्यावरच्या बुडबुड्याकडे बोट दाखवतो. उर्दू शायरीत त्यालाच 'हुबाब' म्हणतात आणि तिथंही त्याचं काम तेच, फुटून जाणं. पण गेल्या पाऊणशे वर्षांत माणसानं असा एक फेस तयार केला आहे की, तो फुटत नाही, कुजत नाही, जिरत नाही. ज्या बुडबुड्याला आपण नश्वरतेची उपमा करून टाकलं, तो नष्ट होत नाही म्हणून सरकारला कायदा करावा लागला. ही गोष्ट मला मोठी नवलाची वाटते. आज तिच्याविषयीच थोडं बोलायचं आहे.

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही. बी. ए. झालो, कविता लिहितो. त्यामुळे माझं कुतूहल शब्दापासून सुरू होतं. बाजारात 'फोम द्या' म्हटलं की दुकानदार विचारतो, 'कसला?' गादीतला स्पंज हा फोम, टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल हाही फोम, चपलेचा मऊ तळ हा फोम आणि फ्रिजच्या भिंतीत भरलेला पिवळसर पदार्थही फोमच. नाव एक, पण स्वभाव निराळे. त्यातला पहिला भेद समजून घेतला की पुढचं सोपं जातं.

एखादी चाळ डोळ्यांपुढे आणा. सगळ्या खोल्यांची दारं एकमेकींत उघडी असतील तर एका खोलीत शिरलेलं पाणी चाळभर पसरेल. गादीतला किंवा अंघोळीचा स्पंज हा असा आहे. त्याचे कप्पे उघडे असतात, म्हणून तो पाणी पितो आणि दाबला की सोडतो. आता अशी चाळ कल्पा, जिच्यातल्या खोल्यांना दारंच नाहीत. प्रत्येक खोली चारी बाजूंनी बंद आणि आत थोडीशी हवा कोंडलेली. बाहेर पूर आला तरी आतल्या खोल्या कोरड्या. हा बंद कप्प्यांचा फेस. थर्माकोल, पॉलिथिनचा फोम, चपलेतला ईव्हीए आणि रबरी चपलेचा तळ हे सगळे या दुसऱ्या घराण्याचे. घराणं एक असलं तरी त्यांच्यातही भाऊबंदांसारखे फरक आहेत. आणि काही ठिकाणी त्या फरकावर माणसाचा पाय, तर काही ठिकाणी जीव अवलंबून असतो.

निसर्गाला ही युक्ती फार आधीपासून ठाऊक होती. ती डोळ्यांनी पहिल्यांदा नीट पाहिली इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यानं बुचाचं वर्णन केलं आहे. बाटलीला लावतात ते साधं बूच. धारदार चाकूनं त्याचा पातळ काप काढून त्यानं तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरं दिसली. त्या घरांना त्यानं 'सेल' म्हटलं. जीवशास्त्रातला पेशीसाठीचा इंग्रजी शब्द इथून आला. हूकनं हिशेबही मांडला. एक घन इंच बुचात अशी सुमारे १२५ कोटी ९७ लाख १२ हजार घरं. बूच हलकं का, पाण्यात बुडत का नाही आणि दाबल्यावर पुन्हा फुगतं का, या तिन्ही प्रश्नांना त्यानं एकच उत्तर दिलं. वेगवेगळ्या बंद पेट्यांत हवा कोंडलेली आहे म्हणून. साडेतीनशे वर्षांनंतरही या उत्तरात फारसं काही बदलावं लागत नाही.

आपल्याकडे बुचाचं झाड नव्हतं, पण अनुभव होता. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधत. पाणथळ जागी वाढणाऱ्या एका झुडपाच्या गाभ्याला आपण भेंड म्हणतो. पांढराशुभ्र, कापसासारखा हलका आणि चाकूनं लोण्यासारखा कापला जाणारा. त्या भेंडाची बाशिंगं होत, फुलं होत, देवापुढची मखरं होत. साहेबाची सोला टोपीही याच जातीच्या गाभ्याची. ऊन अडवायचं ते त्यातल्या कोंडलेल्या हवेनं. म्हणजे थर्माकोल यायच्या कितीतरी आधी आपल्या कारागिरांच्या हातात निसर्गाचा थर्माकोल होता. तो कुजत होता, इतकाच फरक. तेव्हा कुजणं हा त्याचा दोष मानला जात होता.

या कोंडलेल्या हवेची खरी किंमत कळली ती समुद्रावर. इंग्लंडमधल्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेसाठी कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये बुचाच्या पट्ट्या शिवलेलं जाकीट तयार केलं. ते अवजड होतं. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी या बंदरात वादळ झालं. एकामागून एक जहाजांना वाचवायला गेलेली नाव अखेर उलटली. तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. त्यानं ते नवं बुचाचं जाकीट घातलं होतं.

इथं एक हिशेब सांगण्यासारखा आहे. पाण्यात माणसाचं बहुतेक वजन पाणीच पेलतं. मोठ्या माणसाचं डोकं वर राहायला साधारण सात किलोचा आधार पुरतो आणि तो द्यायला जेमतेम सात-आठ लिटर कोंडलेली हवा लागते. घागरीतही मावेल एवढी. पण ती कोंडलेलीच राहिली पाहिजे. बुचानंतर सावरीच्या कापसासारखा तंतू जाकिटांत भरू लागले. तो हलका होता, पण दबून दबून चपटा होई, तेल लागलं की पाणी धरी. म्हणून माणूस असा पदार्थ शोधत होता, जो बुचापेक्षा हलका आणि कापसापेक्षा विश्वासू असेल.

तो प्लास्टिकमधून मिळाला. कार्ल मुंटर्स हा स्वीडनचा अभियंता. बाल्टझार फॉन प्लाटेन या मित्राबरोबर विद्यार्थिदशेतच त्यानं उष्णतेवर चालणारा फ्रिज शोधला होता. गारवा राखायचा तर भिंतीत हवा कोंडावी लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १९३० नंतरच्या दशकात त्यानं पॉलिस्टायरिनचा फेस करण्याचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेतल्या डाऊ कंपनीत रे मॅकइन्टायर हा रसायनतज्ज्ञ विजेच्या तारांसाठी लवचिक आवरण शोधत होता. स्टायरिनमध्ये त्यानं दाबाखाली एक वायू मिसळला. लवचिक काही झालं नाही, पण घट्ट, हलका, बंद कप्प्यांचा फेस झाला. डाऊनं मुंटर्सच्या पेटंटचे हक्क घेतले आणि 'स्टायरोफोम' जन्माला आला. युद्धाचे दिवस होते. १९४२ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलानं त्याचा पहिला मोठा उपयोग केला तो जीवरक्षक तराफ्यासाठी. बुचाचं काम फेसाकडे आलं.

आपला थर्माकोल मात्र याचा सख्खा नव्हे, चुलत भाऊ. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीतल्या फ्रिट्झ श्टास्टनी यानं १९४९ च्या सुमारास वेगळी वाट काढली. पॉलिस्टायरिनचे साखरेएवढे दाणे, त्यांच्यात पेन्टेन हा चटकन वाफ होणारा द्रव. वाफेवर धरले की हे दाणे लाह्यांसारखे फुलतात, मूळच्या चाळीस-पन्नास पट होतात. मग साच्यात घालून पुन्हा वाफ दिली की एकमेकांना चिकटून हवा तो आकार घेतात. तयार वस्तूत सुमारे ९८ टक्के हवाच असते. थर्माकोलचा तुकडा मोडला की जे पांढरे मोती गळतात ते हेच दाणे. बीएएसएफची भारतातली कंपनी १९४३ मध्ये मुंबईत आर. ए. कोल या नावानं सुरू झाली होती. 'थर्माकोल' हे मुळात व्यापारी नाव. वनस्पती तुपाला जसं आपण डालडा म्हणू लागलो, तसं तेही मराठीत सरसकट झालं.

या दोन भावांतला फरक ऐकण्यासारखा आहे. स्टायरोफोम एकसंध असतो, म्हणून पाण्याला आत शिरायला फटच नसते. थर्माकोलच्या प्रत्येक दाण्यात हवा बंद असली, तरी दाण्यादाण्यांत बारीक फटी राहतात. तिथून पाणी हळूहळू झिरपतं आणि तिथूनच तो मोडतोही. शिवाय दोघेही ताठ. एकदा दबले की पुन्हा उठत नाहीत. टीव्ही खाली पडला तर थर्माकोल स्वतः चिरडून टीव्ही वाचवतो, पण दुसऱ्यांदा वाचवू शकत नाही.

तिसरा भाऊ पॉलिथिनचा. पॉलिथिन सापडलं १९३३ मध्ये, इंग्लंडमध्ये फॉसेट आणि गिब्सन यांच्या प्रयोगात, तेही अचानक. त्याचा फेस मेणचट लागतो, वाकतो, तुटत नाही. नव्या वस्तूंभोवती गुंडाळलेली पांढरी मऊ चादर ती हीच. त्याची एक उच्च जात आहे. तिच्यात पॉलिथिनच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजाग बांधून टाकतात. काही कारखाने ते रसायनानं करतात, काही किरणांनी. मग कप्प्यांच्या भिंती अधिक चिवट होतात. इंग्लंडमध्ये 'प्लास्टाझोट' नावाचा असा फेस नायट्रोजन वायू प्रचंड दाबाखाली घुसवून फुगवतात. तो गरम करून पायाखाली धरला तर पायाचा ठसा घेतो.

चौथा भाऊ ईव्हीए. पॉलिथिनच्या साखळीत व्हिनाइल ॲसिटेट मिसळलं की रबराजवळ जाणारा पदार्थ मिळतो. अमेरिकेच्या ब्रूक्स कंपनीनं १९७० च्या दशकाच्या मध्याला तो धावण्याच्या बुटांच्या तळात घातला आणि खेळाच्या बुटांचं रूपच पालटलं. आज आपल्या आठवडी बाजारात ढिगानं मिळणाऱ्या रंगीत, हलक्या चपला याच कुळातल्या. थर्माकोलवर नख रोवलं तर खड्डा राहतो, पॉलिथिनवर तो हळूहळू भरतो आणि ईव्हीए अंगठ्याला उलट ढकलतो. फरक सांगणारं एवढं साधं परीक्षण घरबसल्या करता येतं.

पण काही पायांना हा फरक सांगताच येत नाही. माझ्या दृष्टीनं या इतिहासाचं सगळ्यांत माणुसकीचं पान इथं आहे. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं आपोआप झडतात असं तेव्हा लोक मानत. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, रोग नसा बधिर करतो आणि पुढचा नाश होतो तो वेदना न कळल्यामुळे. आपल्याला खडा टोचला तर आपण पाय उचलतो. त्यांना तो टोचतच नाही. एकाच जागी हजारदा दाब पडतो, जखम होते, ती दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. मग औषधापेक्षाही आधी हवी होती चप्पल. बधिर पायाखाली दाब पसरवून देणारी.

मऊ म्हणजे किती मऊ? फार मऊ तळ पायाखाली पुरता चपटा होतो, मग हाड थेट जमिनीवर. कडक तळ दाब पसरवतच नाही. दक्षिण भारतात १९५० च्या दशकात प्रयोग होत होत जो पदार्थ ठरला तो मायक्रोसेल्युलर रबर. सूक्ष्म बंद कप्प्यांचं रबर. हे काही प्लास्टिक नव्हे, पण रचना तीच. डॉक्टरांच्या भाषेत त्याला 'एमसीआर' म्हणतात. कठीणपणा मोजायच्या शोअर-ए मापावर ते साधारण १५ ते २० अंश असतं. खाली टायरसारखा टणक थर, म्हणजे काटा वर येणार नाही. आणि खिळा एकही नाही, कारण बधिर पायाला खिळा कळत नाही. पुढे प्लास्टाझोट आलं. ते पायाचा आकार सुरेख घेतं, पण रोजच्या चालण्यानं काही महिन्यांत त्याचे कप्पे मिटतात. ईव्हीए त्यापेक्षा अधिक काळ तग धरतो. म्हणून जाणकार कारागीर वर मऊ पॉलिथिन आणि खाली एमसीआर किंवा ईव्हीए असे थर लावतात. सरकारच्या कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून एमसीआर चपला आजही दिल्या जातात.

हा प्रश्न आता फक्त कुष्ठरोग्यांचा उरलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. जुन्या मधुमेहात पाय बधिर होतात. अशा माणसानं बाजारातून 'मऊ आहे' म्हणून उचललेली चप्पल सहा महिन्यांनी आतून मिटलेली असू शकते. वरून ती तशीच दिसते. कप्पे मिटल्याचं सांगणारी वेदना त्याच्याकडे नसते. म्हणून अशी चप्पल डॉक्टरांना दाखवून घ्यावी आणि तळ दबला की बदलावी. पायाला जे कळत नाही, ते रोज रात्री डोळ्यांनी पाहावं.

दुसरं पान काळं आहे. २०१५ साली दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रमार्गे युरोपात पोहोचली. त्यांत सीरिया, अफगाणिस्तान, इराक इथून जीव घेऊन निघालेल्यांची संख्या मोठी होती. त्या वर्षी भूमध्य समुद्रात तीन हजारांहून अधिक बुडाले. जानेवारी २०१६ मध्ये तुर्कस्तानच्या इझमिर शहरात पोलिसांनी एका कारखान्यावर छापा घातला आणि बाराशेहून अधिक बनावट जीवरक्षक जाकिटं जप्त केली. त्यांत तरंगणाऱ्या फेसाऐवजी वेष्टनासाठीचा भराव भरला होता. वरून रंग तोच, पट्टे तेच, आत मात्र पाणी पिणारा पदार्थ. जाकीट घेणाऱ्या बापानं ते हातात घेऊन दाबून पाहिलं असेल. मऊ लागलं असेल. उघडा कप्पा आणि बंद कप्पा यांतला फरक किनाऱ्यावर कळत नाही, तो पाण्यातच कळतो. हूकनं तीन शतकांपूर्वी दिलेलं उत्तर त्या व्यापाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. बंद कप्प्याला पैसे जास्त पडतात, एवढंही त्यांना माहीत होतं.

आता पुन्हा आपल्या अंगणात येऊ. आमच्या तालुक्याच्या गावी अब्बांच्या पिढीत मोहरमचे ताबूत बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि बेगड यांचे होत. गणपतीची मखरंही कागदाची, कापडाची. कामट्या तासणारे हात पुष्कळदा दोन्हीकडे तेच असत. माझ्या शाळकरी वयात थर्माकोल आला. गरम तारेनं तो कापायचा, त्याचा तो उग्र वास आणि मग तासाभरात उभे राहणारे खांब, कमानी, घुमट. मखरात आला तसा तो ताबुतातही आला. या बाबतीत कुणी कुणाच्या मागे राहिलं नाही. हौस होती, स्वस्ताई होती. पण विसर्जनानंतर मूर्ती विरघळायची आणि मखराचे मोती नदीकाठी तसेच पडून राहायचे. दुसऱ्या पावसात ते तसेच, तिसऱ्या पावसात तसेच. ओढ्यातून खाडीत, खाडीतून माशाच्या पोटात. बंद कप्पा पाणी आत घेत नाही म्हणून तो बुडत नाही. आणि त्याच्या पॉलिस्टायरिनच्या भिंती सूक्ष्मजंतूंना सहसा पचत नाहीत म्हणून तो संपत नाही.

महाराष्ट्र सरकारनं २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. गणपतीच्या सजावटीपुरती सूट मिळावी अशी मागणी झाली, तेव्हा त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती मान्य केली नाही. १ जुलै २०२२ पासून केंद्रानं देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी घातली, तिच्या यादीतही सजावटीचा थर्माकोल आहे. कारागिरांचं नुकसान झालं, हे खरं. पण कागद, पुठ्ठा, कापड आणि बांबू पुन्हा मखरात आले. कडेगावचे उंच ताबूत तर बांबू आणि कागदाचेच. त्यांच्यापुढे उभं राहिलं की थर्माकोलवाचून काही अडलं नव्हतं, हे कुणालाही पटेल.

मी फेसाच्या विरोधात नाही. ज्यानं बुडणाऱ्याला वर धरलं आणि बधिर पायाची जखम टाळली, त्याला नावं कशी ठेवायची? माझं म्हणणं एवढंच की हवा सगळीकडे तीच आहे. गुण-दोष आहेत ते भिंतीचे. भिंत ताठ की लवचिक, एकसंध की फटींची, दाब सोसून पुन्हा उठणारी की मिटून जाणारी, हे ज्या त्या कामाप्रमाणे पाहायचं. दहा वर्षं टिकायला हवं तिथं न मरणारा पदार्थ जरूर वापरावा. दहा दिवसांच्या सजावटीला तो कशाला? पुढच्या वेळी दुकानदारानं 'कसला फोम?' असं विचारलं तर त्याचा प्रश्न बरोबर आहे असं समजा. आणि उत्तर देण्याआधी, तो कशासाठी आणि किती दिवसांसाठी हवा आहे, हे स्वतःला विचारून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)